उरलेल्या गोळ्यांची स्ट्रिप

आधी एक डिस्क्लेमर. या वेळचा विषय जरा 'तसला' आहे. म्हणजे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा अंक उघडून बसलात, तर शेजारचा सहकारी एकदा डोकावेल आणि मग पटकन आपल्या मोबाइलमध्ये तोंड खुपसेल, इतपत 'तसला'. पण डोकावू द्या त्याला. कधीतरी त्याच्याही घरी बाळ येणार आहे, आणि तेव्हा रात्री तीन वाजता केमिस्टकडे त्यालाच धाडणार आहेत!

तर झालं काय, मागच्या डिसेंबरात आमच्या टीममधल्या मुलीचा फोन आला. रात्रीचे अकरा. ती बाळंतपणाला नाशिकला माहेरी गेलेली, बाळ दीड महिन्याचं. एरवी क्लायंटला शांतपणे दोन शब्द सुनावणारी ही मुलगी फोनवर चक्क हुंदके देत होती.

"अगं, पाजताना काचा टोचल्यासारखं होतंय. आता पाजायचं म्हटलं की घड्याळाकडे बघवत नाही. तुला झालं होतं ना असंच काहीतरी? त्या अँटिबायोटिकचं नाव सांग ना. दादाला पाठवते आत्ता."

नाव मला तोंडपाठ होतं. अजूनही आहे. पण मी सांगितलं नाही. ती चिडली. म्हणाली, "तू पण ना, डॉक्टरांसारखी वागायला लागलीस." मी म्हटलं, "बाई गं, ते नाव मी एकदा स्वतःलाच सांगितलं होतं. काय झालं ते ऐक आणि मग ठरव."

जे तिला सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतेय.

राउंड पहिला : ताप

माझी लेक चोवीस दिवसांची होती. मी साताऱ्याला आईकडे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, सकाळी मालिशवाल्या मावशी आणि संध्याकाळी धुरी, असा सगळा सरंजाम. त्यात बारसं लांबलेलं, ते त्या दिवशी उरकलं. दीडशे माणसं. लेक या मांडीवरून त्या मांडीवर, मी पैठणी आणि शिवून घेतलेल्या घट्ट ब्लाउजमध्ये खुर्चीवर. दुपारचं पाजणं राहिलं, संध्याकाळचं लांबलं. 'अगं, झोपलीये ना ती, झोपू दे की.'

रात्री उजव्या बाजूला गाठ हाताला लागली. सकाळी दात वाजत होते. एप्रिलमधल्या साताऱ्यात मी दोन रजया घेऊन कुडकुडत होते. ताप एकशे दोन. अंग असं ठणकत होतं की मला वाटलं, फ्लू झाला. कपडे बदलताना पाहिलं, तर छातीवर कलिंगडाच्या फोडीच्या आकाराचा लालबुंद, गरम पट्टा.

आईचं निदान तयार होतं. "दूध कोंडलंय. मावशींना म्हणावं, जरा जोर लावून चोळा, गाठ फुटेल." मावशींनी लावला जोर. मी डोळ्यांसमोरचे तारे मोजले. दुपारपर्यंत पट्टा दुप्पट झाला होता.

डॉक्टरबाईंनी तो पट्टा पाहिला, चोळल्याचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "कणीक आहे का ती, तिंबायला?"

त्यांनी जे सांगितलं, ते मी कुठल्याच बाळंतपणाच्या पुस्तकात नीट वाचलं नव्हतं. याला म्हणतात मॅस्टायटिस. सोप्या भाषेत, स्तनाला आलेली सूज. आपण समजतो की नळात कचरा अडकलाय, दाबून काढला की पाणी वाहू लागेल. प्रत्यक्षात तिथे नळ वगैरे नसतो. दुधाच्या बारीक वाहिन्यांचं जाळं असतं, आणि आजूबाजूला सूज आली की त्या वाहिन्या दाबल्या जातात. त्यावर चोळलं की आतल्या नाजूक भागाला इजा होते आणि सूज वाढते. सुरुवातीला हा नुसत्या सुजेचा मामला असू शकतो, जंतू नंतर येतात. पण ताप, थंडी, अंगदुखी आणि लाली चोवीस तासांत हटली नाही, तर जंतूंचा संशय पक्का धरायचा.

हे जंतू म्हणजे बॅक्टेरिया. बहुतेक वेळा त्याचं नाव असतं स्टॅफिलोकोकस ऑरियस. नाव एखाद्या रोमन सरदाराचं वाटतं, पण राहतो आपल्याच त्वचेवर, आपल्याच नाकात, आणि बाळाच्याही. एरवी बिचारा गप्प असतो. निपलला चीर पडलेली असली आणि आत दूध साचून सूज आलेली असली, की त्याचं फावतं.

औषध म्हणून मिळालं दहा दिवसांचं अँटिबायोटिक, पाजत्या आईला चालणारं. सोबत सूज आणि दुखणं कमी करणारी गोळी. चोळणं बंद. गरम शेकाऐवजी रुमालात गुंडाळलेला बर्फ. (आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाळंतिणीला बर्फ!) आणि पाजणं? ते नेहमीसारखं चालू. ना कमी, ना जास्त.

हे 'ना जास्त' महत्त्वाचं आहे. पूर्वी सांगायचे की पंप लावा, पिळून काढा, पार रिकामं करा. पण शरीराचा हिशेब साधा असतो. जितकं काढाल तितकं ते बनवतं. दुखतंय म्हणून दिवसभर पंप लावून बसलात, की दूध वाढतं आणि सूजही वाढते. ब्रेस्टफीडिंगवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं, अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिननं, २०२२ मध्ये आपल्या सूचना बदलल्या, त्यात नेमकं हेच आहे. जोरात मसाज नको, जास्तीचं पंपिंग नको, थंड शेक द्या.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "तापातलं दूध बाळाला बाधेल. काही दिवस वरचं दे." त्यांच्या बोलण्यात काळजीच होती. मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उलट एकदम बंद केलंत तर दूध तुंबेल आणि आत पू होण्याची भीती वाढेल. ते दूध तिला चालतं. प्या म्हणावं बिनधास्त!" पू झालाच, तर सोनोग्राफी करून सुईनं काढावा लागतो, हेही त्यांनी सांगितलं. मी निमूटपणे लेकीला उजव्या बाजूला घेतलं.

औषधाच्या दुसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी लाली गेली. आणि पाचव्या दिवशी मी गोळ्या थांबवल्या. का? तर बरं वाटत होतं म्हणून! उरलेली स्ट्रिप मी फेकली का? छे. मध्यमवर्गीय संस्कार आहेत आपले. उरलेलं औषध, उरलेले स्क्रू आणि साडीच्या दुकानातली पिशवी टाकायची नसते. पुण्याला परतताना ती स्ट्रिप बॅगेतून माझ्यासोबत आली आणि बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये जाऊन बसली.

राउंड दुसरा : जळजळ

लेक दोन महिन्यांची झाली. पुण्यात आम्ही तिघंच. एका रात्री पाजून झालं आणि दुखायला लागलं. लक्षात घ्या, पाजून झाल्यावर! हे दुखणं वेगळंच होतं. मिरच्या कुटल्यावर हात भगभगतात ना, तसं. मग आतून पाठीपर्यंत जाणारी कळ. अर्धा तास, पाऊण तास. आधी एका बाजूला, दोन दिवसांत दोन्हीकडे. टॉवेल लागला तरी अंगावर काटा. ताप नाही, गाठ नाही, लाल पट्टा नाही. निपल मात्र गुलाबी, चकचकीत, आणि बाजूची त्वचा पापुद्र्यासारखी निघत होती.

मी काय अनुमान काढावं? इंजिनिअर आहे मी, लॉजिक लावलं. मागच्या वेळी कोर्स अर्धवट सोडला, म्हणजे तेच परत आलंय, म्हणजे उरलेला कोर्स आता पूर्ण करायचा. ड्रॉवर उघडला. पाच दिवसांच्या गोळ्या तशाच. बघ, टाकल्या नाहीत ते बरं झालं!

तीन दिवस घेतल्या. तीन दिवसांत दुखणं दुप्पट झालं. पहाटे तीनचं पाजणं आलं की मी आधीच पायाची बोटं आवळून बसायचे. लेक भुकेनं रडायची आणि मला तिच्या रडण्याचा राग यायचा. हे वाक्य लिहायला अजूनही जड जातं. ज्या बाळासाठी एवढं सगळं, ते कुशीत यायला लागलं की मी अंग चोरत होते. तिसऱ्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "बास. उद्यापासून डबा." त्यानं वाद घातला नाही. सकाळी सहाला उघडणारं मेडिकल शोधून पावडरचा डबा घेऊन आला आणि ओट्यावर ठेवला. त्यासाठी मी त्याची आजही ऋणी आहे. डबा देण्यात काही चूक आहे असं माझं मत नाही. फक्त तो निर्णय दुखण्यानं घेतला होता, मी नाही.

त्याच दिवशी दुपारी व्हिडिओ कॉलवर आईला लेक दाखवत होते. लेक जांभई देत असताना आई एकदम म्हणाली, "थांब थांब. जिभेवर काय आहे तिच्या?" मी म्हटलं, दूध आहे. "गालाच्या आतपण दूध? तोंड आलंय तिचं. टाकणखाराची लाही मधातून लाव, दोन दिवसांत जाईल."

या वेळी मात्र मी लॉजिक बाजूला ठेवलं आणि बाळाच्या डॉक्टरांकडे गेले. (बरं झालं गेले. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो तर लहान बाळाला विषारीच. आज्यांचा हेतू शंभर टक्के चांगला, औषध मात्र नाही. तसंच ते जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट. २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्यानं कॅन्सरच्या धोक्याचं कारण देऊन त्याबद्दल इशारा दिला. बाळाच्या तोंडात ते नकोच.)

डॉक्टरांनी ओल्या गॉजनं ते पांढरं हलकेच पुसून पाहिलं. दूध असतं तर निघालं असतं. हे निघालं नाही. कडेला थोडं सुटलं, तिथे खाली लाल. मग डायपर उघडून पाहिलं. मांडीच्या सांध्यात लालभडक पुरळ. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "बाळाचं कळलं. आईला काही त्रास?"

दहा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं होतं. मी तिथेच रडले.

हे होतं यीस्ट. कॅन्डिडा नावाची बुरशी. म्हणजे बॅक्टेरिया नव्हेच, वेगळीच जमात. ही बुरशीसुद्धा आपल्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात मुक्कामाला असतेच, थोडी थोडी. तिला आवरून धरतात ते आपल्याच शरीरातले चांगले बॅक्टेरिया. आता हे आपल्या सोसायटीच्या पार्किंगसारखं आहे बघा. सगळे घरी असतात तोवर प्रत्येकाची गाडी आपापल्या जागेत. दिवाळीला सगळे गावी गेले, की तळमजल्यावरचे काका आपल्या तीनही गाड्या आरामात पसरून लावतात. अँटिबायोटिक हेच करतं. वाईट बॅक्टेरियांबरोबर चांगल्यांनाही बाहेर काढतं आणि यीस्टला पार्किंग मोकळं मिळतं.

म्हणजे पहिल्या वेळी अँटिबायोटिक घेणं बरोबरच होतं, ते लागणारच होतं. पण दुसऱ्या वेळी माझ्या मनानं घेतलेल्या गोळ्या म्हणजे तळमजल्यावरच्या काकांना मी स्वतः गेटची किल्ली नेऊन दिली!

उपचार मात्र सोपा निघाला. बाळाच्या तोंडात लावायचं बुरशीचं औषध आणि मला लावायला क्रीम. अट एकच, दोघींनी एकाच वेळी घ्यायचं. एकीनं घेतलं आणि दुसरीनं नाही, तर बुरशी टेबल टेनिसच्या चेंडूसारखी या बाजूहून त्या बाजूला. पंपाचे भाग आणि बाटलीची बुचं रोज उकळायची, ब्रेस्ट पॅड ओले झाले की लगेच बदलायचे, जागा कोरडी ठेवायची. दुखतंय तोवर क्रीम आणि बरं वाटलं की बंद, असं नाही. सांगितलेले सगळे दिवस. मी या वेळी कॅलेंडरवर फुल्या मारल्या. आठवड्याभरात पहाटेचे तीन हे पुन्हा नुसतेच पहाटेचे तीन झाले.

डबा उघडलाच नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. उघडला. दोन रात्री तीन बाटल्या दिल्या, नवऱ्यानं पाजल्या, मी झोपले. लेक मजेत होती. मग औषधाचा गुण आला आणि मी पुन्हा सुरू केलं. सव्वा वर्ष पाजलं पुढे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

राउंड तिसरा : ना हे, ना ते

आता इथपर्यंत ऐकून नाशिकची मैत्रीण लगेच म्हणाली, "कळलं! म्हणजे मला यीस्ट आहे. ताप नाही, आणि पाजून झाल्यावर भगभगतं. क्रीमचं नाव सांग."

बघितलंत? आपलं डोकं कसं चालतं! अँटिबायोटिकचं नाव मिळेना, तर क्रीमचं तरी द्या. तिला म्हटलं, क्रीमचंही सांगणार नाही.

कारण गेल्या काही वर्षांत डॉक्टरच म्हणू लागलेत की 'यीस्ट, यीस्ट' आपण जरा जास्तच म्हणतो. निपल जळजळतंय ना, मग बुरशीच, असं धरून महिना महिना क्रीम चोपडलं जातं. त्यातल्या बऱ्याच जणींना भलतंच काही असतं. कुणाला एक्झिमा, कुणाला त्या क्रीमचीच अॅलर्जी, कुणाच्या बाळाचं तोंड नीट लागत नाही.

'मग टेस्ट करून टाकू की, स्वॅब घेऊ!' इंजिनिअर मनाला असं वाटणारच. पण त्यातही मेख आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये पहिलटकरणींवर एक मोठा अभ्यास झाला. ३६० बायका होत्या त्यात, निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. निपल, दूध आणि बाळाचं तोंड यांचे नमुने तपासले. जळजळीची लक्षणं असलेल्या बायकांपैकी ५४ टक्क्यांमध्ये कॅन्डिडा सापडली. ठीक. पण लक्षणं नसलेल्यांतही ती ३६ टक्क्यांमध्ये होतीच! आणि आपला रोमन सरदार स्टॅफिलोकोकस? दुखणाऱ्यांत ८२ टक्के, न दुखणाऱ्यांत ७९. म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्या घरी. थोडक्यात काय, रिपोर्टमध्ये जंतू सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही. तो तिथे राहतोच. दुखणं कसं आहे, कधी येतं, बाळाच्या तोंडात काय दिसतं, आधी कुठलं औषध घेतलंय, हे सगळं जोडून पाहावं लागतं. आणि ते फोनवर, दादाला केमिस्टकडे उभं करून होत नाही.

शेवटी ती गेली. नाशिकमध्येच तिच्या डॉक्टरांनी स्तनपानाचं बघणाऱ्या एका ताईंकडे पाठवलं. त्या ताईंनी पहिली गोष्ट काय केली? काहीच नाही. नुसत्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "पाज तिला, मी बघते."

बाळानं सोडलं तेव्हा निपल नव्या लिपस्टिकसारखं तिरकं, चपटं होऊन बाहेर आलं होतं. आणि बघता बघता पांढरंफटक पडलं. मग जांभळट, मग लाल, आणि तेव्हा ती भगभग सुरू. बाळाच्या तोंडात काही नाही, ताप नाही, पापुद्रे नाहीत. हे होतं व्हॅसोस्पॅझम. निपलच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त थांबतं, आणि परत यायला लागलं की कळा येतात. थंडीनं ते वाढतं. नाशिकचा डिसेंबर, पहाटेचं पाजणं, उघडी छाती. वर बाळ नुसतं टोक धरून ओढत होतं, निपल चेंगरत होतं.

औषध? बाळाला तोंड मोठं उघडू देऊन जवळ कसं घ्यायचं ते शिकवलं. आणि बाळानं सोडल्या सोडल्या कोरडा, गरम कपडा. (मला बर्फ, हिला शेक. घ्या!) तरीही राहिलंच, तर त्यावर गोळीही असते, पण तिला लागली नाही. पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला, 'आज पाजताना चक्क सीरिअल बघितली.'

विचार करा, त्या रात्री मी नाव सांगितलं असतं तर? अँटिबायोटिक, मग त्यानं कदाचित यीस्ट, मग क्रीम, आणि मूळ दुखणं तिथल्या तिथेच.

जाता जाता, ऑफिसवाल्यांसाठी

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, हे आता सगळ्यांना माहीत असतं. पण बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन नर्सिंग ब्रेकही कायद्यानं मिळतात, हे आमच्या एचआरलाही मीच सांगितलं. कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यात मी एका मीटिंगमध्ये सलग चार तास अडकले. पंपाची वेळ टळली. संध्याकाळी घरी जाताना त्याच जुन्या जागी गाठ. ती वेळेत आवरली, कारण या वेळी मला माहीत होतं काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, काय नाही करायचं. दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरमध्ये रोज दोन वेळा 'बिझी' टाकलं. टीम लीडनं विचारलं, "हे कसलं रिकरिंग?" मी सांगितलं. तो लाल झाला. पण पुन्हा त्या वेळेत मीटिंग ठेवली नाही. टीम लीड, नवरे, दादा, सगळ्यांनाच हे माहीत असायला हवं. म्हणून तर सुरुवातीला म्हटलं, डोकावू द्या.

फ्रिजवर चिकटवायला

ताप, थंडी, अंगदुखी, बहुधा एकाच बाजूला लाल गरम पट्टा : मॅस्टायटिसचा संशय. थंड शेक, विश्रांती, नेहमीसारखं पाजणं. चोवीस तासांत उतार नाही, किंवा ताप चढतोय, तर डॉक्टर. अँटिबायोटिक सुरू करून दोन दिवसांत फरक नाही, तर पुन्हा डॉक्टर, कारण आत पू असू शकतो.

ताप नाही, पाजून झाल्यावरही जळजळ, बहुधा दोन्हीकडे, चकचकीत किंवा पापुद्रे निघणारी त्वचा, बाळाच्या तोंडात न पुसलं जाणारं पांढरं, नुकतंच अँटिबायोटिक झालेलं : यीस्टचा संशय. उपचार दोघांचा, एकाच वेळी.

पाजल्यावर निपल पांढरं पडतं, थंडीत जास्त दुखतं, चपटं होऊन बाहेर येतं : आधी बाळ कसं धरतंय ते कुणा जाणत्या व्यक्तीला दाखवा.

तिन्हींत पाजणं थांबवायची गरज सहसा नसते. आणि थांबवायचंच असेल, तर तो निर्णय बरं वाटल्यावर, दिवसाउजेडी घ्या. पहाटे तीनला नाही.

राहिली ती स्ट्रिप. बाळाच्या डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळी मी ड्रॉवर उघडला. दोन दिवसांच्या गोळ्या अजून शिल्लक होत्या. हात एक क्षण अडखळला, संस्कार हो! मग एकेक गोळी फोडून जुन्या चहाच्या चोथ्यात मिसळली आणि कचऱ्यात टाकली.

तुमच्या ड्रॉवरमध्ये कुणाची स्ट्रिप आहे? आज घरी गेल्यावर बघाच.